डीपफेकवरचे खेळ वर्गात : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

नववी-दहावीच्या मुलामुलींपुढे डीपफेकवर, म्हणजे मशीनने बनवलेल्या, खऱ्या वाटणाऱ्या खोट्या फोटो-व्हिडिओंवर, भाषण दिलं की दहाव्या मिनिटाला माना खाली जातात. म्हणून या वर्षी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी खेळ वापरले. दोन इंटरनेटवर फुकट मिळणारे, तिसरा स्वतः बांधलेला. पहिलं सत्र संपून दुसरंही निम्मं झालं, आता माझं मत पक्कं झालंय : खोटं ओळखायला शिकवणारे खेळ मुलांना सगळ्यात जास्त आवडतात, आणि मुलींच्या कामी सगळ्यात कमी येतात.

'विच फेस इज रिअल' हा २०१९चा खेळ, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जेविन वेस्ट आणि कार्ल बर्गस्ट्रॉम यांचा. शेजारी शेजारी दोन चेहरे येतात, एक खऱ्या माणसाचा, एक मशीनने तयार केलेला. खऱ्यावर क्लिक करायचं. भाषेची अडचण नाही, नियम समजावावे लागत नाहीत. "बाई, हिचं डाव्या कानातलं वेगळंय!" असा ओरडा होतो, चष्म्याच्या काड्या तपासल्या जातात. पण ते चेहरे जुन्या तंत्राचे आहेत. आजच्या साधनांनी केलेल्या फोटोत कानातली बरोबर जुळतात, त्यामुळे 'मला कळतं' हा भरवसा फसवा ठरतो.

'बॅड न्यूज' (२०१८) केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांच्या मदतीने झालेला. त्यात खेळणारा स्वतःच खोट्या बातम्या पसरवतो आणि त्या युक्त्या आतून ओळखायला शिकतो. अफवांसाठी उत्तम, पण इंग्रजी वाचून समजावताना तास जातो. शिवाय मुलींच्या बनावट फोटोंच्या विषयात गुन्हा करणाऱ्याची खुर्ची मुलांना खेळ म्हणूनही द्यायची नाही, याबद्दल मी ठाम आहे.

स्पेनमधल्या आल्मेंद्रालेखो गावात सप्टेंबर २०२३ मध्ये काय झालं ते मी वर्गात सांगते. शाळकरी मुलींचे अंगभर कपड्यांतले साधे फोटो घेऊन ॲपने त्यांचे नग्न फोटो बनवले गेले, ते व्हॉट्सॲपवर फिरले. करणारी मुलं त्याच परिसरातली. २०२४ मध्ये बालन्यायालयाने १५ मुलांना एका वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली. तिथे फोटो खोटा आहे हे ओळखण्याचं कोडं कुणापुढेच नव्हतं. तरीही ते फिरले. पालकसभेत कुणीतरी म्हणतंच, "मुलींनी फोटो टाकूच नयेत." वर्गाच्या ग्रुप फोटोतूनही चेहरा कापून घेता येतो, मग मुलींनी शाळेतही यायचं नाही का?

म्हणून तिसरा खेळ ट्विनवर बांधला. पर्याय निवडत पुढे जाणाऱ्या गोष्टी बांधायचं हे फुकट साधन आहे, कोडिंग लागत नाही, मराठी व्यवस्थित चालते. तयार गोष्ट एका फाइलमध्ये निघते, ती पेनड्राइव्हवरून नेटशिवाय चालते. आमच्या लॅबला हाच मोठा आधार. ब्राउझरमध्ये लिहिताना मात्र प्रत प्रत्येक वेळी उतरवून ठेवा, कुणी ब्राउझरचा डेटा साफ केला की गोष्ट जाते.

गोष्टीत वर्गातल्या एका मुलीचा बनावट फोटो ग्रुपवर फिरतोय. खेळणारा ना ती मुलगी, ना फोटो बनवणारा. तो ग्रुपवरचा एक वर्गमित्र, ज्याच्या मोबाइलवर फोटो येऊन पडलाय. फोटो कुठेही दाखवलेला नाही. पुढे पाठवायचा, हसायचं, डिलीट करून गप्प बसायचं, तिला कळवायचं की मोठ्यांना सांगायचं? बहुतेक जण डिलीट करून गप्प बसतात. पुढच्या पानावर तिचा बाक रिकामा असतो आणि ग्रुपवर तिच्या चेहऱ्याचे स्टिकर सुरू झालेले असतात. "पण मी तर काहीच केलं नाही बाई," एक मुलगा म्हणाला. शेजारच्या कॉम्प्युटरवरची मुलगी वळून म्हणाली, "तेच तर!"

तिला कळवायचं झालं तर काय लिहायचं, यावर सगळ्यात जास्त वाद झाला. मुलांनी सुचवलेलं पहिलं वाक्य होतं, "हा फोटो खरा आहे का?" मुलींनी ते एकमुखाने काढायला लावलं. ओळखण्याच्या खेळात जो प्रश्न शाबासकी मिळवून देतो, तोच इथे तिला बोचतो. मुलींनी लिहिलेलं वाक्य आता गोष्टीत आहे : "तो फोटो बनवलेला आहे, मला माहितीये. चल, मी येते बाईंकडे."

कायद्याची पानं मी मुद्दाम छोटी ठेवलीत. २०१९च्या दुरुस्तीपासून पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, कॉम्प्युटरने तयार केलेली, बदललेली चित्रंही येतात, म्हणजे 'खोटाच तर होता' ही सबब चालत नाही. पुरावा म्हणून फोटो साठवायचा नाही, ग्रुपचं नाव, नंबर, वेळ, लिंक लिहून घ्यायची आणि लगेच मोठ्यांना सांगायचं. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर, नाव न देताही करता येते. मदतीसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. अठराखालच्यांचे असे फोटो नेटवरून काढायला 'टेक इट डाउन' ही सेवा आहे. फोटो मोबाइलमधून बाहेर न जाता त्याचा बोटाच्या ठशासारखा एक कोड तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून शोध घेतात. व्हॉट्सॲपच्या बंद ग्रुपवर मात्र तिचा उपयोग नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावं लागतं.

तास कमी असतील तर चेहऱ्यांचा खेळ दहा मिनिटांत आटपा, बाकी वेळ गोष्टीला द्या, आणि एका कॉम्प्युटरवर दोघांना बसवा. एकटं मूल पटकन 'योग्य' उत्तर दाबून मोकळं होतं. दोघं असली की भांडतात, आणि त्या भांडणातच खरं काय वाटतं ते बाहेर येतं. गोष्टीचा पालकांसाठीचा भाग सध्या लिहितेय. त्यात पहिला पर्याय 'मुलीचा मोबाइल काढून घ्या' हाच ठेवलाय.