बंद चेनकव्हर आणि हबमधले तीन गिअर: ऑफिसच्या सायकलीचे परीक्षण

ऑफिसला जाण्यासाठी सायकल निवडताना बहुतेक जण तिचे वजन आणि गिअरची संख्या पाहतात; मी मात्र घरी परतल्यावर ती माझ्याकडून किती काम करून घेते, एवढेच पाहिले. चेन पूर्ण झाकणारे चेनकव्हर, मागच्या हबमध्ये (म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यात) बसवलेले तीन गिअर, पुढच्या हबमधला डायनॅमो, लांब मडगार्ड आणि भक्कम कॅरिअर असलेली ही सायकल मी कडक उन्हात, सततच्या पावसात आणि बोचऱ्या थंडीत वापरली आहे.

हबमधले गिअर ही जुनीच युक्ती आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १९०२ साली स्थापन झालेल्या स्टर्मी-आर्चर कंपनीने तीन गिअरचा हब सर्वदूर पोहोचवला आणि त्याची प्रचलित रचना आजही टिकून आहे: दुसऱ्या गिअरमध्ये दातेरी चक्र आणि चाक एकाच गतीने फिरतात, पहिल्यात पॅडल सुमारे २५ टक्के हलके होते आणि तिसऱ्यात सुमारे ३३ टक्के जड. सिग्नलला उभे असतानाही गिअर बदलता येतो, ही सोय उघड्या गिअरच्या सायकलीवर मिळत नाही. लांबलचक चढ रोजचा असेल, तर मात्र तीन गिअर अपुरे पडतात.

सायकलीची खरी पारख पावसात होते. उघड्या चेनवर रस्त्याचा चिखल बसला की तो तेलात मिसळतो आणि त्याचे कानशीसारखे काम सुरू होते. मग घरी आल्यावर हातात फडके आणि तेलाची बाटली घेऊन अंधारात बसावे लागते. इथे चेनला पाणी क्वचितच लागत असल्याने तेल दीर्घकाळ टिकते, पँटच्या पायाला काळा डाग पडत नाही आणि दाराशी सायकल लावून मी थेट ऊन पाण्याने आंघोळ करायला मोकळा होतो. रेनकोट मोरीत निथळत ठेवावा, बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि कोरडे कपडे घालून खिडकीपाशी पुस्तक उघडावे, या सुखाच्या आड सायकलीची देखभाल येत नाही, याला मी भरघोस गुण देतो. पुढच्या मडगार्डला खाली रबरी झडप मात्र वेगळी लावून घ्यावी. तिच्याविना पाणी नेमके बुटांवर उडते.

ब्रेकच्या बाबतीत ही सायकल कमी पडते. रबरी ब्रेक रिमवर दाबले जातात आणि रिम ओली असताना आधी पाणी पुसण्यातच वेळ जातो, त्यामुळे थांबायला अंतर अधिक लागते. याच रचनेच्या काही सायकलींना हबमध्ये ड्रम ब्रेक मिळतो. पर्याय असेल, तर थोडे वजन वाढले तरी तोच घ्यावा.

डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॉटचा आहे. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो, तेव्हा बॅटरी चार्ज आहे की नाही याची चिंता उरत नाही आणि दिव्यातल्या कपॅसिटरमुळे (थोडी वीज साठवणाऱ्या भागामुळे) सिग्नलला थांबल्यावरही दिवा काही वेळ तेवत राहतो. थंडीत टायरमधला दाब कमी होतो, म्हणून ऋतू पालटताना हवा तपासावी. कपड्यांचे म्हणाल, तर निघताना किंचित गारठा जाणवेल इतकेच घालावेत, कारण पॅडल मारू लागताच अंग तापते. उन्हाळ्यात सामान कॅरिअरच्या पिशव्यांत गेल्याने पाठ घामाने भिजत नाही आणि घरी आल्यावर पंख्याखाली निवांत टेकता येते.

एक तक्रार गंभीर आहे. गिअरची केबल सैल झाली की दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पॅडल अचानक रिकामे फिरते, आणि उभ्याने पॅडल मारत असल्यास पडण्याची भीती असते. दुरुस्ती सोपी आहे: दुसरा गिअर टाकून मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या (आसाच्या) उजव्या बाजूच्या नटच्या भोकातून पाहावे आणि आतल्या बारीक दांडीची कड ॲक्सलच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंत केबलचा स्क्रू फिरवावा. विक्रेत्याने दिलेल्या पुस्तिकेत याचा उल्लेखही नव्हता. मागचे चाक काढणे हा त्याहून मोठा व्याप आहे, कारण चेनकव्हर उघडून गिअरच्या केबलला जोडलेली बारीक साखळीही सोडवावी लागते. तेव्हा मागे जाड थराचे, पंक्चररोधक टायर पहिल्याच दिवशी बसवून घ्यावे.