अल्सिव्हरमधलं मेंढीचं रक्त: नागपूरच्या उन्हाळ्यात घ्यावं का?

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांसाठी मेंढीचं रक्त विकत मिळतं: निम्मं रक्त, निम्मं अल्सिव्हर (रक्त टिकवणारं) द्रावण. अशी तयार बाटली नागपुरात हिवाळ्यात डोळे झाकून घ्यावी. एप्रिल-मेमध्ये मात्र आधी ती ज्या पेटीतून येते ती तपासावी.

द्रावणात खोट नाही. 2.05 टक्के डेक्स्ट्रोज, 0.8 टक्के सोडियम सायट्रेट, 0.42 टक्के मीठ, किंचित सायट्रिक आम्ल; सामू 6.1 च्या आसपास. 4 अंशांवर रक्तातल्या तांबड्या पेशी तीन-चार आठवडे कामाच्या राहतात, पण म्हातारपण थांबत नाही. ग्लुकोज संपतं, लॅक्टिक आम्ल साठतं, एटीपी (पेशीचं ऊर्जा देणारं रसायन) घटतं. पेशी चपटा आकार सोडून आधी काटेरी, मग गोल होते आणि पटलाचे बारीक बुडबुडे गळतात. गोल पेशीला फुगायला जागाच नसते; थोडं पाणी शिरलं की फुटते.

खरी तक्रार पॅकिंगची. पारा 45 अंशांवर, म्हणून घाबरून बाटली गोठलेल्या जेल पॅकला थेट टेकवतात. त्या बाजूचं रक्त गोठतं आणि बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. मध्ये जाड कागद हवाच. बाटली अर्धवट भरलेली असेल तर वाटेतल्या हादऱ्यांनी फेस होतो, तोही पेशी फोडतो. लेबलवर रक्त काढल्याची तारीख हवी, भरल्याची नव्हे. हे फोनवर विचारून घ्या.

बाटली रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवा, फ्रीजरच्या भिंतीपासून दूर. वरचा थर फिका गुलाबी असला तर चालेल. लालभडक असेल तर परत करा. सामू 7.2 च्या फॉस्फेट बफर सलाइनने (सामू स्थिर ठेवणाऱ्या मिठाच्या पाण्याने) पेशी तीनदा धुवा: सेंट्रिफ्यूजमध्ये 500 जी (गुरुत्वाच्या 500 पट), 10 मिनिटं, ब्रेक न लावता. व्हॉर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र) नको, बारीक सुई नको, डिटर्जंटचा अंश राहिलेली काच तर नकोच. तिसऱ्या धुण्यातही वरचं पाणी गुलाबी असेल तर चौथ्यांदा धुण्यात अर्थ नाही. फुटलेल्या पेशी वाहून जातात, पण उरलेल्याही तेवढ्याच नाजूक असतात. पूरक-बंधन चाचणीत (पेशी फुटतात की नाही यावरून प्रतिपिंडं ओळखणारी चाचणी) त्या आपोआप फुटतात आणि निकाल फसवा येतो.

शंका असेल तर 0.4 ते 0.85 टक्के मिठाच्या पाण्याच्या नळ्या लावा. पहिल्या दिवसापेक्षा जास्त मिठातच पेशी फुटू लागल्या तर तो लॉट संपला.

माझे गुण: हिवाळ्यात पाचपैकी चार, मेमध्ये अडीच. कोंबडीचं रक्तही मिळतं, पण ते आठवडाभरापुरतंच मागवा.