मॅगझिनवाला एम-४ जेल ब्लास्टर आणि त्याचं अपग्रेड किट: नागपूरच्या पाण्यात आणि उन्हात कितपत टिकतं?

बर्डीवर खेळण्यांच्या दुकानांत एम-४ रायफलच्या आकाराचे जे जेल ब्लास्टर (पाण्यात फुगवलेल्या जेलच्या गोळ्या मारणारी खेळण्यातली बंदूक) दिसतात, ते दोन जातींचे असतात. एकाच्या डोक्यावर गोळ्यांची बाटली उलटी लावलेली असते, दुसऱ्यात गोळ्या खालच्या मॅगझिनमध्ये भरतात. बाटलीवाल्याचे सुटे भाग मिळत नाहीत, त्यामुळे तो बिघडला की संपला. हा रिव्ह्यू मॅगझिनवाल्याचा आणि त्याच्यासोबत वेगळ्या पुडक्यात विकल्या जाणाऱ्या ‘मेटल अपग्रेड किट’चा आहे. निकाल आधीच सांगतो: ब्लास्टर घ्यावा, किट निम्मंच वापरावं, आणि किटमधली ताठ स्प्रिंग खोक्यातच राहू द्यावी.

ज्यांना ६ मिमीच्या प्लास्टिक छऱ्यांच्या एअरसॉफ्टची हौस आहे पण ती रेप्लिका इथे सहज हाती येत नाही, त्यांच्यासाठी ही त्यातल्या त्यात जवळची वस्तू आहे. आतली रचना एअरसॉफ्टवरूनच उचललेली आहे. टोकियो मारुईने १९९१ साली फामास बंदुकीच्या रूपात पहिली इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट रायफल आणली, त्याच घराण्याचा हा गिअरबॉक्स: मोटर तीन गिअर फिरवते, शेवटच्या गिअरला अर्ध्याच भागात दात असतात, ते पिस्टनला मागे ओढून सोडून देतात आणि स्प्रिंग त्याला पुढे फेकते. मात्र एअरसॉफ्टचे सगळे भाग यात बसतीलच असं नाही. ‘व्ही-टू (एअरसॉफ्टमधला नेहमीचा गिअरबॉक्स) आहे, काहीही लागतं’ असं दुकानदार म्हणाला, तर व्हर्निअरने भाग मोजून मगच पैसे काढावेत.

खोक्यातून निघालेला ब्लास्टर नायलॉनच्या अंगाचा आणि हातात बऱ्यापैकी भरीव लागतो. ७.२ ते ७.४ मिमीची फुगलेली गोळी साधारण ०.२ ग्रॅमची भरते आणि ती सेकंदाला ६० मीटरच्या आसपास सुटते. म्हणजे ऊर्जा ०.३६ ज्यूल. तुलनेसाठी, जपानमध्ये ६ मिमीच्या एअरसॉफ्टला कायद्याने ०.९८ ज्यूलची मर्यादा आहे. पंधरा मीटरपर्यंत नेम ठीक राहतो, त्यापुढे गोळी मर्जीप्रमाणे जाते. खोक्यातला चष्मा मात्र उघडल्याबरोबर टाकून द्यावा, त्याच्या काचेवर कसलाच मानांकनाचा छाप नसतो. हार्डवेअरच्या दुकानात औद्योगिक सुरक्षेचे गॉगल मिळतात, त्यांवर ‘ईएन १६६’ आणि ‘एफ’ किंवा ‘झेड ८७ प्लस’ हे कोरलेलं आहे का ते बघावं. ‘एफ’ची चाचणी ०.८६ ग्रॅमच्या पोलादी गोळीने सेकंदाला ४५ मीटर वेगाने होते, म्हणजे ०.८७ ज्यूल. आपल्या ब्लास्टरची ऊर्जा याच्या बरीच खाली ठेवायची, हे अपग्रेडचं पहिलं माप.

आता पाणी. नागपुरात या ब्लास्टरबद्दलच्या निम्म्या तक्रारी गिअरबॉक्सच्या नसतात, पाण्याच्या असतात. गोळ्या ज्या पदार्थाच्या, त्या सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचं फुगणं पाण्यातल्या क्षारांवर ठरतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलेल्या जड पाण्यात गोळी कमी फुगते आणि कडक राहते. आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात ती जास्त फुगते आणि मऊ पडते. बोअरच्या पाण्यात भिजवलेली गोळी साडेसहा मिमीवर अडकते, नळीत सैल बसते, बाजूने हवा निसटते आणि माणूस म्हणतो स्प्रिंग मेली. उलट आरओच्या पाण्यात रात्रभर ठेवलेली गोळी आठ मिमीच्या वर जाते, टी-पीसमध्ये (मॅगझिनमधून आलेली गोळी ज्यातून नळीसमोर येते तो तुकडा) चिरडते, आणि मग नळीतून गोळीऐवजी चिखल निघतो. महापालिकेच्या नळाचं पाणी या दोहोंच्या मध्ये बसतं. ते वापरून चार तास भिजवलं तर बहुतेक पाकिटांचं काम होतं. घरी फक्त बोअर असेल तर त्यात अर्धं आरओचं मिसळून बघावं.

भांडं मोठं घ्यावं. ७.३ मिमीच्या एका गोळीत सुमारे ०.२ मिलिलिटर पाणी मावतं, त्यामुळे दहा हजारांचं पाकीट नुसत्या फुगण्यातच दोन लिटर पितं. तीन-साडेतीन लिटरपेक्षा कमी पाणी घेतलं तर वरच्या गोळ्या उपाशी राहतात आणि एकाच घाण्यात तीन मापं तयार होतात. मग अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याला साडेसात मिमीचं भोक पाडून त्यातून गोळ्या गाळाव्यात. जी अडकली ती बाद. सगळाच घाणा मोठा झाला असेल तर पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की गोळ्या आकसतात, पण हा उपाय जपून करावा. मिठाच्या गोळ्या नळीत आणि मॅगझिनच्या मोटरपाशी ओल सोडतात आणि तिथे गंज धरतो. तयार गोळ्या निथळून झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायच्या. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ठेवलेली मॅगझिन दुपारपर्यंत इतकी सुकते की गोळ्या आत खुळखुळतात. घरात लहान मूल असेल तर कोरडं पाकीट कुलपात. गिळलेला मणी पोटात फुगतो आणि आतडं अडवू शकतो, यात अतिशयोक्ती काहीच नाही. उरलेल्या गोळ्या मोरीत ओतू नयेत.

आता किटकडे. पुडक्यात साधारणपणे तीन धातूचे गिअर, धातूचे दात असलेला पिस्टन, ओ-रिंगचं पिस्टन हेड, टी-पीस, १.४ मिमी तारेची स्प्रिंग आणि शिमची (गिअरखाली घालायच्या पातळ चकत्यांची) छोटी पिशवी असते. किंमत ब्लास्टरच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे काय घेतोय ते बघून घ्यावं. गिअरला चुंबक लावा. चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर जस्ताचं ओतकाम. ओतीव जस्ताचा दात ताठ स्प्रिंगखाली नायलॉनसारखा झिजत नाही, सरळ तुटतो, आणि तुटलेला तुकडा बाकीचे दोन गिअर घेऊन जातो. दुकानात चुंबक लावायला दुकानदार नाही म्हणत असेल तर किट तिथेच राहू द्या.

गिअरबॉक्स उघडताना सगळ्यांत आधी बॅटरी काढायची. मग मुठीच्या तळाचा स्क्रू, मोटर बाहेर, मग नळी आणि वरचा भाग, मग पिना. पिस्टन मागे ताणलेला राहिला असेल तर मोटरपाशी असलेली उलट फिरू न देणारी कडी बारीक पेचकसाने मागे दाबून गिअर सुटा करावा लागतो, नाहीतर कवच उघडताच स्प्रिंग आणि तिचा दांडा बाहेर उडतो. उघडताना मागच्या भोकातून लांब पेचकस स्प्रिंगमध्ये घालून ठेवला की स्प्रिंग जागेवर राहते. गॉगल घालूनच हे करायचं. ट्रिगरची इवलीशी स्प्रिंग कशी बसली होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण ती हमखास निसटते.

आता खरं काम, हवेचं. किटमधलं ओ-रिंगचं पिस्टन हेड आणि टी-पीस एवढ्यानेच ब्लास्टर बदलतो. पिस्टन हेड सिलिंडरमध्ये घालून पुढच्या तोंडावर बोट दाबा आणि ढकला: पिस्टन थांबला पाहिजे आणि हात काढताच थोडा मागे आला पाहिजे. हळूहळू आत सरकत असेल तर ओ-रिंग बारीक आहे. सिलिंडरचा आतला व्यास मोजून ऑइल सील आणि बेअरिंगच्या दुकानातून नायट्राइल रबराची एक माप जाड रिंग आणावी. ती काही रुपयांना मिळते आणि किटमधल्या रिंगपेक्षा चांगली निघते. फार जाड घेतली तर पिस्टन वेळेत पुढे येत नाही, तोवर गिअरचा पुढचा फेरा त्याला मध्येच पकडतो आणि पहिले दोन दात सोलून निघतात. सिलिंडर हेडवर प्लंबरची टेफ्लॉन टेप दोन वेढे. वंगणाला सिलिकॉन ग्रीस: आरओ फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे ती छोट्या डबीत असते. गंज काढायचा स्प्रे इथे चालत नाही, तो असलेली ग्रीस धुऊन काढतो आणि दोन मॅगझिनमध्ये रिंग कोरडी पडते.

टी-पीसचं तोंड आणि नळी एका रेषेत आहेत का ते टॉर्च लावून बघावं. किटमधल्या टी-पीसला साच्याची कड राहिलेली असते, तिच्यावर गोळी घासते. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने ती घासून टाका. एवढं झालं की तीच मूळ स्प्रिंग सेकंदाला ६५ ते ६८ मीटर देते, म्हणजे ०.४६ ज्यूलपर्यंत. इथेच थांबावं.

१.४ ची स्प्रिंग लावून ९० मीटरच्या गोष्टी सांगणारे भेटतात. तेवढा वेग निघतो, खोटं नाही. ०.२ ग्रॅमला ९० मीटर म्हणजे ०.८१ ज्यूल, गॉगलच्या चाचणीला टेकलेलं. शिवाय त्या वेगाला नळाच्या पाण्यातली गोळी नळीतच फुटते, मग कडक ‘मिल्की’ गोळ्या आणाव्या लागतात, त्या लागतातही जोरात, आणि समोरचा गडी पुढच्या रविवारी येत नाही. वेग क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) मोजल्याशिवाय कुणाचंही मैदानात स्वागत करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गिअर बदलायचेच असतील तर ते शिम करून. किटच्या पिशवीतल्या शिम पुरत नाहीत, ०.१ आणि ०.२ मिमीच्या वेगळ्या घ्याव्यात. गिअर हाताने फिरवल्यावर अडकता कामा नये आणि वर-खाली हलताही कामा नये, एवढीच कसोटी. मोटरच्या पिनियनची (तिच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरची) उंची मुठीच्या तळाच्या छोट्या स्क्रूने ठरते: आवाज किरकिरा आला तर मोटर लांब, शिट्टीसारखा ताणलेला आला तर जास्त जवळ. दोहोंच्या मधली जागा पाव फेऱ्याने शोधायची. नायलॉनचे मूळ गिअर मूळ स्प्रिंगवर व्यवस्थित चालतात, हे मात्र विसरू नये. पोलादी गिअर आणि नायलॉनचा पिस्टन ही जोडी सगळ्यांत वाईट, कारण मग पिस्टनचे दात फ्यूजसारखे दर वेळी उडतात.

बॅटरीबाबत हौशी मंडळी सर्वांत जास्त पैसे जाळतात. ११.१ व्होल्टची लावली की मारा वेगाने होतो खरा, पण मऊ स्प्रिंगचा पिस्टन तेवढ्या चपळाईने परत येत नाही आणि वर सांगितलेला दात-सोलीचा प्रकार घडतो. सोबत ट्रिगरचे तांब्याचे संपर्क ठिणगीने काळे पडतात. त्यापेक्षा ७.४ व्होल्टचीच, १२०० एमएएच आणि २० सीची (क्षमतेच्या वीसपट प्रवाह देणारी) चांगली लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, घ्यावी. ती २४ अँपिअरपर्यंत देते, मोटरला भरपूर झालं. जोडीला मॉसफेट (ट्रिगरऐवजी मोठा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला की ट्रिगरमधून मोठा प्रवाह जातच नाही. मोदी नंबरच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मॉसफेट, जाड सिलिकॉन वायर आणि कनेक्टर सगळं मिळतं. वायर जोडताना लाल-काळीचा रंग न बघता मल्टिमीटरने ध्रुव बघा; खोक्यातल्या काही प्लगमध्ये रंग उलटे असतात. खोक्यातला यूएसबी चार्जर दोन सेल समतोल ठेवत नाही, बॅलन्स चार्जर वेगळा घ्यावा. सेल ४.२ व्होल्टला भरला आणि ३.३ च्या खाली गेला नाही तर वर्षभर टिकतो. ठेवायचा तर ३.८ वर.

आणि उन्हाळ्यात ही बॅटरी गाडीच्या डिकीत ठेवू नका. बाहेर पारा ४५ वर असताना बंद गाडीत त्याच्या बऱ्याच वर जातो आणि फुगलेली लिपो परत वापरायची नसते. नागपूरकरांनी मार्च ते जून हा खेळ सकाळी नऊच्या आत आटोपावा, गोळ्यांसाठीही आणि माणसांसाठीही.

हॉप-अपची टोपी वेगळी मिळते. ती नळीच्या तोंडाशी बसून गोळीला उलटी फिरकी देते. साडेसात मिमीच्या आत गाळलेल्या गोळ्यांवर पल्ला २५ मीटरकडे जातो. न गाळलेल्या गोळ्या ती किसून काढते. किटपेक्षा यावर पैसे घालणं मला जास्त पटतं.

खेळायला काटोल रोड किंवा हिंगण्याकडचं कुणाचं शेत बघावं, मालकाला विचारून. फुटाळा, अंबाझरीच्या काठावर नाही, सोसायटीच्या गच्चीवर तर मुळीच नाही. लांबून ही वस्तू खरी बंदूकच दिसते. नेताना बॅटरी काढून, बंद पिशवीत, नारिंगी टोक न काढता न्यावी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन चालू असताना सिव्हिल लाइन्सच्या बाजूने दुचाकीवर खांद्याला अडकवून निघालात, तर पोलिसांनी अडवल्यावर त्यांची चूक काढता येणार नाही.

घेताना दुकानातच बॅटरी लावून रिकामा ब्लास्टर पाच-सात वेळा चालवून बघा. त्याहून जास्त नाही, रिकामा मारा पिस्टनला सोसत नाही. मॅगझिनची छोटी मोटर फिरते का ते वेगळं ऐका. ती फिरत नसेल तर बहुतेक वेळा संपर्काची पितळी पट्टी वाकलेली असते, नखाने वर केली की सुरू होते. तसं न झालं तर दुसरं खोकं मागा, कारण सुटी मॅगझिन नंतर मागायला गेलं की ‘पुढच्या आठवड्यात येईल’ एवढंच उत्तर मिळतं.