सायनसच्या ऑपरेशनमधलं चुंबकीय नेव्हिगेशन : काही महिन्यांच्या वापरानंतर

चुंबकीय नेव्हिगेशनचं यंत्र ऑपरेशन चालू असताना हत्याराचं टोक कुठं आहे, हे पेशंटच्या सीटी स्कॅनवर दाखवतं. त्याचं अर्धं यश आधी काढलेल्या सीटीवर ठरतं. स्लाइस (सीटीतला एकेक काप) १ मिमीपेक्षा जाड नको, मध्ये गॅप नको, आणि नाकाचं टोक व कपाळ पूर्ण हवं. नेहमीच्या सायनस सीटीत नाकाचा शेंडा बऱ्याचदा कापला जातो, मग चेहऱ्यावरून रजिस्ट्रेशन, म्हणजे पेशंटचं डोकं सीटीशी जुळवणं, जमत नाही. कपाळावर आवळलेल्या पट्ट्यानं कातडी दबते, तोही नको. हे सगळं चिठ्ठीवर लिहून द्यावं. तोंडी सांगून भागत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार करणारा फील्ड जनरेटर डोक्याशेजारी, डोक्याची जागा टिपणारा ट्रॅकर कपाळावर. रजिस्ट्रेशनसाठी चेहऱ्यावरून प्रोब (टोकदार सळई) फिरवताना हात हलका ठेवायचा. गाल टाळावेत, कारण श्वासाच्या ट्यूबची चिकटपट्टी ते ओढून धरते. कपाळ, नाकाचा दांडा, डोळ्यांच्या खोबणीची कड अशा कातडीखाली लगेच हाड लागणाऱ्या जागा घ्याव्यात.

मग स्क्रीनवर ०.८ मिमी असा आकडा येतो आणि सगळे निर्धास्त होतात. तिथंच घोटाळा होतो. हा आकडा चेहऱ्यावरचे बिंदू सीटीशी किती जुळले एवढंच सांगतो. डोकं किंचित तिरकं जुळलं असेल, तर कपाळावर ते कळतही नाही, पण मागं स्फेनॉइडपाशी (नाकाच्या सगळ्यात मागच्या सायनसपाशी) चूक वाढलेली असते. म्हणून एंडोस्कोपखाली (नाकात घालायच्या दुर्बिणीखाली) मिडल टर्बिनेटचं, म्हणजे नाकातल्या मधल्या हाडाच्या घडीचं, पुढचं टोक आणि नेझोफॅरिंक्सची, म्हणजे नाकामागच्या घशाची, मागची भिंत, दोन्हीकडे प्रोबचं टोक टेकवून बघायचंच. २ मिमीपर्यंतची चूक चांगल्या यंत्रातही धरूनच चालावी लागते, आणि डोळ्याच्या बाजूचं कागदी हाड १ मिमीही जाड नसतं. ते फोडायचं की सोडायचं, हे स्क्रीनवर टोकाची जागा दाखवणाऱ्या क्रॉसहेअरला (फुलीला) विचारू नये.

कॅमेऱ्यावर चालणाऱ्या यंत्रासारखी इथं नजरेच्या आड कुणी आल्याची कटकट नाही, डोकं वळवलं तरी ट्रॅकर सोबत वळतो. पण लोखंडाचं वावडं आहे. स्टीलची ट्रॉली जवळ सरकली की चुंबकीय क्षेत्र वाकडं होतं. सिग्नल तुटला तर निदान कळतं; टोक गुपचूप ३ मिमी सरकलेलं दिसलं तर कळत नाही. कपाळावरचा ट्रॅकर घामानं सुटला तरीही तेच. दर टप्प्याला ओळखीच्या हाडावर टेकवून बघणं हाच उपाय. सेन्सर मागं असलेली सक्शन (रक्त ओढून घेणारी नळी) जराशी वाकली, तरी टोकाची जागा खोटी दिसते.

आणि चित्र जुनंच असतं: पॉलिप (नाकातला मऊ कोंब) काढून टाकला तरी स्क्रीनवर तो तिथंच असतो.

पहिल्यांदाच होणाऱ्या साध्या केसला याची गरज नाही, डिस्पोजेबल ट्रॅकरचा खर्च पेशंटच्या बिलात उगाच चढतो. दुसऱ्यांदा उघडलेलं नाक, फ्रंटल (कपाळाचा सायनस), स्फेनॉइड इथं मात्र पैसे वसूल.