बोटीवरचं मैला-शुद्धीकरण यंत्र: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

यंत्रावरचा, बिघाड सुचवणारा लाल दिवा लागला की लगेच त्याची टाकी उघडू नका. आधी डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर यंत्राच्या पॉझिटिव्ह केबलभोवती अडकवा, बटण दाबा आणि अँपिअर किती येतात ते बघा. चौदा महिन्यांत दिवा जितक्यांदा लागला, त्यांतल्या बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत होतं. खोट होती ती पाण्यात कमी पडलेल्या मिठात, नाहीतर बॅटरीकडून येणाऱ्या केबलमध्ये.

आधी मांडणी सांगतो. ३६ फुटी शिडाची बोट, हातपंपाचा संडास, १२ व्होल्टचं इलेक्ट्रोक्लोरिनेशन यंत्र. वावर फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत आणि बाहेर अटलांटिकच्या किनाऱ्यालगत. टाकी दहा-बारा लिटरची, तिचे दोन कप्पे. पहिल्यात मॅसरेटर मैला दळतो. दुसऱ्यात मिक्सर फिरतो आणि इलेक्ट्रोडच्या पट्ट्यांमधून वीज गेली की खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. जंतू मारतं ते हेच. वेगळं रसायन विकत घ्यावं लागत नाही, मीठ मात्र लागतंच.

अमेरिकन कोस्ट गार्डच्या वर्गवारीत हे ‘टाईप १’. ६५ फुटांपर्यंतच्या बोटींना चालतं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे फीकल कॉलिफॉर्म (मैल्यातले जंतू) १,००० च्या वर नसावेत आणि तरंगणारा घनमैला दिसू नये, ही त्याची अट.

आता मीठ. पाण्यात मीठ जितकं जास्त तितकी वीज जास्त वाहते, म्हणून मीटरवरचे अँपिअर बघायचे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मेपोर्टजवळ, नदीच्या तोंडाशी, आमच्या मीटरवर ४५ अँपिअरच्या आसपास आकडा येतो. जॅक्सनव्हिलला पाणी मचूळ, तिथे तो निम्म्यावर. ग्रीन कोव्ह स्प्रिंग्जला पाणी जवळजवळ गोडं, तिथे दहाच्याही खाली. पावसाळ्यातली मांडवी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे समजावून सांगायला नको: मे महिन्यात खारी असलेली नदी जुलैत वरच्या थरात गोडी होऊन वाहते.

यातली गंमत अशी की गोड्या पाण्यात शिरल्यावर दिवा पहिल्या फ्लशला लागत नाही, तिसऱ्या-चौथ्याला लागतो. टाकीतलं जुनं खारं पाणी प्रत्येक फ्लशबरोबर थोडं थोडं पातळ होत जातं, म्हणून. त्यामुळे ‘सकाळपर्यंत तर चालत होतं’ हे वाक्य इथे काहीच सिद्ध करत नाही.

उपाय सोपा आहे. चार लिटरच्या फ्लशला १४० ग्रॅम साधं मीठ, म्हणजे सात-आठ मोठे चमचे, थोड्या पाण्यात विरघळवून संडासाच्या भांड्यात ओतायचं. पाणी मचूळ असेल तर निम्मं पुरतं. नेहमीच नदीच्या वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात राहणार असाल तर मिठाच्या पाण्याची वेगळी टाकी आणि छोटा पंप बसवाच, रोज चमचे मोजणं फार दिवस टिकत नाही. खडे मीठ घ्या. मोकळं राहावं म्हणून पावडर मिसळलेल्या मिठाचा गाळ तळाशी बसतो.

चार लिटरच का? कारण यंत्र विस्थापनावर चालतं: नवं पाणी आत आलं तितकंच जुनं बाहेर ढकललं जातं. संडास धुवायच्या नादात पंचवीस वेळा पंप मारला तर अर्धवट प्रक्रिया झालेला मैला थेट बाहेर जातो. आपल्या पंपाचा एक झटका किती पाणी देतो ते बादलीत मोजा आणि झटक्यांचा आकडा संडासाच्या दारावर लिहून ठेवा. पाहुणे येतात तेव्हा उपयोगी पडतो.

मीठ ठीक असूनही आकडा कमी असेल तर केबल बघा. यंत्र चालू असताना त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि त्याच वेळी बॅटरीवरही मोजा. फरक ०.४ व्होल्टच्या आत हवा. बॅटरीपासून यंत्र सहा मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर तांबं होतं. १३ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ५० अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. ३५ चौरस मिलिमीटरची केबल घातली की हीच घट ०.३ वर येते. बसवणारे पुष्कळदा इथेच पैसे वाचवतात आणि पुढे मालक यंत्राला दोष देत बसतो. लग, म्हणजे केबलच्या टोकाचे धातूचे जोड, हिरवे पडलेत का, चालू असताना गरम होतात का, तेही तपासा. विजेचा खर्च म्हणाल तर मामुली आहे: ४५ अँपिअर दोन मिनिटं म्हणजे दीड अँपिअर-तास.

मीठ बरोबर, व्होल्टेज बरोबर, तरी खऱ्या समुद्रात आकडा महिन्यागणिक घसरतोय? मग पट्ट्यांवर चुन्याचा थर बसलाय. तो हायड्रोक्लोरिक आम्लाने निघतो, पण इथे चूक जीवावर बेतू शकते. टाकीत हायपोक्लोराइट उरलेलं असताना आम्ल ओतलं तर क्लोरीन वायू निघतो. म्हणून आधी चार-पाच फ्लश नुसत्या गोड्या पाण्याचे मारा, मग ब्रेकर बंद करा, सगळी हॅच (डेकवरची झाकणं) उघडा, हातमोजे आणि चष्मा घाला. ३० टक्क्यांच्या आम्लाचा एक भाग, पाण्याचे सहा भाग. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. फेस थांबेपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास, तसंच ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढल्यावरच ब्रेकर चालू करा. आम्ल आत असताना वीज दिली तरी क्लोरीनच निघतो.

मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा शाफ्टला केस, डेंटल फ्लॉस किंवा ओला वाइप गुंडाळलेला असतो. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही छापलेलं असो, या संडासात टाकू नका.

वासाबद्दल. सडक्या अंड्याचा वास यंत्राचा नसतो. होजमध्ये, म्हणजे संडासाच्या नळीत, साचून राहिलेल्या समुद्राच्या पाण्यातले जीव कुजतात, त्याचा तो हायड्रोजन सल्फाइड. बोट सोडताना शेवटचे दोन-तीन फ्लश मैल्याशिवाय, गोडं पाणी आणि मीठ घालून मारले की तो जातो. तरीही राहिला तर होजवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा, फडकं गार होऊ द्या आणि हुंगा. फडक्याला वास आला तर होज झिरपतोय, बदलावा लागेल. भांड्यात पाणी परत चढत असेल तर जॉकर व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी रबरी झडप, ताठरला असणार. तो आम्ही आठ महिन्यांनी बदलला. सोबत व्हेंटेड लूपची (बाहेरचं पाणी उलटं आत ओढलं जाऊ नये म्हणून होजला दिलेल्या उंच वळशाची) वरची झडप काढून गरम पाण्यात धुतली, मिठाचे खडे तिथेही बसतात.

यंत्र जंतू मारतं, नायट्रोजन आणि फॉस्फरस काढत नाही. शांत, बंदिस्त खाडीत नांगर टाकला असेल तर ते तिथेच साठतात, म्हणून अशा जागी आम्ही छोटी होल्डिंग टाकीच (मैला नुसता साठवून ठेवणारी) वापरतो. फ्लोरिडा कीज या बेटांभोवतीच्या सागरी अभयारण्यात तर प्रक्रिया केलेला मैलाही सोडायला बंदी आहे. तिथे यंत्राचा सीकॉक (मैला बोटीबाहेर सोडणारी झडप) बंद करून तिची दांडी काढून ठेवावी लागते. सगळा मुक्काम कीजमध्येच असेल तर हे यंत्र घेऊ नका, मोठी होल्डिंग टाकी घ्या. बाकी ठिकाणी फिरणाऱ्यांनी एक जॉकर व्हॉल्व्ह, मॅसरेटर मोटरचं एक सील, दोन जाड लग आणि पाच किलो खडे मीठ बोटीवर ठेवावं.