गव्हाच्या तांबेऱ्यासाठी कुठला जीन घ्यायचा, मोठा की स्लो रस्टिंगवाला?

नवा वाण काढताना क्रॉससाठी (संकरासाठी) पॅरेंट निवडायला बसलं की हा प्रश्न येतोच, एसआर ३१ सारखा एक दणदणीत, म्हणजे मोठा जीन घ्यायचा की एलआर ३४, एसआर २ सारखे रोगाचा वेग कमी करणारे, म्हणजे स्लो रस्टिंगवाले, गोळा करत बसायचं (एसआर म्हणजे खोडाच्या तांबेऱ्याविरुद्धचा जीन, एलआर म्हणजे पानाच्या).

मोठ्या जीनची ओढ का वाटते ते कळतं. रोप लहान असतानाच ट्रेमध्ये तांबेऱ्याचे बीजाणू फवारले की साधारण दोन आठवड्यांत निकाल हातात, रोप साफ नाहीतर फोडांनी भरलेलं, आणि एकच जीन म्हणून पुढच्या पिढ्यांत निवडायलाही सोपा. यातले बरेच जीन एनएलआर नावाचं, पेशीत पहारा देणारं प्रोटीन बनवतात, ते बुरशीचं एखादं ठरावीक प्रोटीन ओळखतं आणि तिथल्या पेशीच मरतात म्हणून बुरशी पुढे सरकत नाही. घात पण तिथेच होतो, बुरशीने ते एक प्रोटीन बदललं की ओळख संपली. एसआर ३१ राय या पिकातून गव्हात आला, जगभरच्या वाणांत पसरला, काही दशकं छान टिकला आणि १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या युजी ९९ या खोडाच्या तांबेऱ्याच्या रेसने (रेस म्हणजे बुरशीचा उपप्रकार) त्याला मोडलं. एसआर २४ हा दुसरा मोठा जीन अजून चालत होता, तर २००६ मध्ये केनियात त्याच घराण्यातली, त्यालाही मोडणारी रेस सापडली!

एलआर ३४ चं वागणं अगदी वेगळं. तो एबीसी ट्रान्सपोर्टर, म्हणजे पेशीत पदार्थ पडद्यापार नेणारं प्रोटीन, बनवतो (२००९ मध्ये क्लोन झाला, म्हणजे जीन वेगळा काढून ओळखला गेला) आणि कुठल्या एका रेसवर अवलंबून नाही, तिन्ही तांबेरे (पानाचा, खोडाचा, पिवळा) आणि भुरी सगळ्यांवर थोडा थोडा चालतो. फोड उशिरा येतात, कमी येतात, लहान राहतात. एसआर २ तर १९२० च्या दशकात गहू पैदासकार मॅकफॅडन यांनी एमर या जुन्या प्रकारच्या गव्हातून आणलेला, आजही कामाचा आहे, मला तरी याहून मोठा पुरावा लागत नाही.

पण हे एकेकटे पुरत नाहीत. रोगाचा जोर असला की एकट्या एलआर ३४ वर पीक वाचत नाही, असे चार-पाच एकत्र आले तरच झाड जवळजवळ साफ राहतं, म्हणजे कष्ट जास्त आणि वेळही जास्त.

माझं मत विचाराल तर पाया स्लो जीनचा आणि त्यावर दोन-तीन मोठे जीन एकत्र, मोठा जीन एकटा सोडायचाच नाही. फक्त एक लक्षात ठेवा, मोठा जीन चालू असताना शेतात त्याखालचे लहान जीन दिसतच नाहीत, म्हणून एकतर मार्कर (जीन आहे की नाही दाखवणारी डीएनएची खूण) वापरा नाहीतर त्या मोठ्या जीनला मोडणारी रेस घेऊन चाचणी करा. आणि पानांची टोकं वाळलेली किंवा ओंबीची तुसं काळपट दिसली म्हणून ती लाइन (निवडीतला वंश) फेकू नका, पहिली खूण बऱ्याचदा एलआर ३४ ची असते आणि दुसरी एसआर २ ची.