लिथियम की लॅमोट्रिजिन: मनावरचे परिणाम

बायपोलरमध्ये, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद (मूड अति चढणं) येणाऱ्या आजारात, मूड स्थिर ठेवण्यासाठी दोन्ही औषधं वापरतात, पण मनावर दोघांचा भार वेगळा पडतो.

लिथियम घेणाऱ्या काहींना सगळं सपाट झाल्यासारखं वाटतं. आनंद होतो पण भिडत नाही, काही सुचायला वेळ लागतो. ही तक्रार खरी आहे, तिला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावू नये. यात एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे थायरॉइड. लिथियममुळे थायरॉइड मंदावू शकतं आणि मग येणारी मरगळ हुबेहूब नैराश्यासारखी दिसते. म्हणून रक्तातल्या लिथियमच्या पातळीसोबत टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि किडनीची तपासणीही नियमित हवी. पातळी जास्त निघाली तर डोस थोडा कमी करूनही मन मोकळं होऊ शकतं.

लॅमोट्रिजिनने हा सपाटपणा सहसा येत नाही, वजनही फारसं वाढत नाही. काहींची झोप मात्र उडते, चिडचिड होते. डोस फार हळू वाढवावा लागतो, सहसा दोन आठवडे २५ मिग्रॅ, पुढचे दोन ५०. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

नैराश्याचे झटके जास्त असतील तर माझा कल लॅमोट्रिजिनकडे. पण उन्माद रोखण्यात ते कमी पडतं, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्या मूड स्टॅबिलायझरकडे नाही. सपाट वाटतं म्हणून लिथियम परस्पर बंद करू नका. एकदम थांबवल्यास उन्माद उसळू शकतो.